पोरीला होडीत बसव

प्रिय बाळ्या,

पोरीला सेलिंगला, म्हणजे शिडाची होडी चालवायला शिकायला घालू का, असं विचारणारा तुझा मेसेज मिळाला. व्हॉट्सॅपवरच उत्तर दिलं असतं तर 'हो, घाल तिला सेलिंगला' एवढ्यावर संपलं असतं आणि वहिनींचं टेन्शन होतं तिथेच राहिलं असतं, म्हणून नीट बसून लिहितोय, त्यांनापण वाचून दाखव.

तिला आधी ऑप्टिमिस्टमध्ये बसवतील. आठवते ना, कुलाब्याला आपण शिकलो ती चपट्या नाकाची होडी? जेमतेम पावणेआठ फूट लांब, एकच शीड. क्लार्क मिल्स नावाच्या माणसाने १९४७ साली फ्लोरिडात खास पोरांसाठी काढलेलं डिझाइन, आणि अजूनही जगभरची पोरं पंधराव्या वर्षापर्यंत त्यातच रेस करतात. आत हवेच्या तीन पिशव्या असतात त्यामुळे उलटली तरी बुडत नाही. आणि सुरुवातीलाच शिकवतात काय, तर होडी मुद्दाम उलटवायची, डॅगरबोर्डवर (होडीच्या तळातून खाली पाण्यात जाते ती फळी) लोंबकळून सरळ करायची, आत चढायचं आणि पाणी उपसत बसायचं. हे दोन-चार वेळा झालं की पाण्याची भीती बरीचशी जाते (पोरांची, आयांची नाही).

पण मी घाल म्हणतोय ते मेडलसाठी नाही. आपले मास्तर डोळ्यांवर रुमाल बांधून विचारायचे, वारा कुठून येतोय सांग. तेव्हा आपल्याला तो टाइमपास वाटायचा. पण वारा कानामागे लागतोय का गालावर हे त्या वयात अंगात बसतं ते बसतं, चाळिशीत कोर्स करून आलेले लोक मी बघतो ना, सगळी थिअरी पाठ असते आणि नजर सतत स्क्रीनवर. ऑप्टिमिस्टमध्ये दुसरं कोणी नसतंच, टिलरपण (सुकाणूचा दांडा) तुझ्याच हातात आणि शीटपण (शीड ओढायचा दोर), चुकलं तर होडी तिथल्या तिथे सांगते.

नंतर मी लांबलांब जायला लागलो तेव्हा हेच कामाला आलं. मुंबई ते गोवा सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास पडतं. हिवाळ्यात दुपारपासून वायव्येचा वारा धरतो, गोव्याकडे जाताना तो पाठीशी, मजा. रात्री तो पडतो आणि पहाटेकडे जमिनीवरून मतलई सुटते, ती पकडायची तर रात्री किनाऱ्याच्या जरा जवळ राहावं लागतं, आणि जवळ राहिलं की जाळी! जयगडच्या बाहेर एकदा मध्यरात्री आमच्या सुकाण्यात जाळं अडकलं, एक जण सुरी घेऊन पाण्यात उतरला, तेवढ्यात ट्रॉलर आला आणि त्याच्या तांडेलने, म्हणजे कप्तानाने, आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्याचंही बरोबर होतं रे, जाळ्याला किती पैसे पडतात. शेवटी त्याच्याच माणसाने ते न कापता सोडवलं. परत येताना मात्र तोच वायव्येचा वारा नाकावर, दिवसभर टॅक मारत, म्हणजे आडवंतिडवं नागमोडी जात राहा, रत्नागिरीचा किल्ला संध्याकाळीपण तिथेच दिसतो.

सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे केपटाउन ते सेंट हेलेना हे अटलांटिकमधलं बेट, ओळखीच्या एकाच्या बोटीवर क्रू म्हणून गेलो होतो. साधारण सतराशे सागरी मैल. पहिले काही दिवस बेंग्वेला प्रवाहामुळे हाडं गोठवणारी थंडी, मग आग्नेयेचे व्यापारी वारे लागले आणि शिडांना हात लावायचं कामच उरलं नाही. तीन तास ड्यूटी, सहा तास सुट्टी, भातात थोडं समुद्राचंच पाणी म्हणजे गोडं पाणी वाचतं, मीठ वेगळं नको. कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू. पण रात्री! मुंबईत ध्रुव उत्तरेला जेवढा वर दिसतो जवळपास तेवढाच अगस्तीचा तारा दक्षिणेला दिसतो. तिकडे अगस्ती पार डोक्याकडे चढलेला आणि ध्रुव क्षितिजाखाली, दिसतच नाही. पृथ्वी गोल आहे हे शाळेत पाठ केलेलं, पण मला पटलं ते तिथे. सेंट हेलेनाच्या जेम्सटाउनला उतरल्यावर ६९९ पायऱ्यांचा तो जेकब्ज लॅडर नावाचा जिना चढायला गेलो, पाय इतके डुलत होते की अर्ध्यातून परत.

आणि हे आपलं काम नव्हे असं वहिनी म्हणाल्या तर त्यांना नौदलाच्या दिलीप दोंदेंचं सांग. १९ ऑगस्ट २००९ ला, भर पावसाळ्यात, मुंबईहून एकटे निघाले, कारण खाली दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला तिकडच्या उन्हाळ्यात पोचायचं होतं, आणि मे २०१० मध्ये जग फिरून परत. बोट म्हादेई, गोव्यात दिवाडीला बांधलेली. मग नौदलाचाच अभिलाष टॉमी त्याच बोटीवर कुठेही न थांबता फिरून आला, २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जग फिरायच्या रेसमध्ये बोट उलटून पाठ मोडून घेतली, आणि तरी २०२३ मध्ये तीच रेस पुन्हा करून दुसरा आला! आणि २०१७-१८ ला तारिणी या शिडाच्या बोटीवर नौदलाच्या सहा मुलींनी पृथ्वीप्रदक्षिणा केली, हे पोरीला सांग, दोंदेंपेक्षा तिला हे जास्त आवडेल.

पावसाळ्यात इथे होड्या वर काढलेल्या असतात, ऑक्टोबरनंतर घेऊन ये. पोहायला येतंच असेल, नसेल तर आत्ताच क्लास लाव, त्यावर मी ऐकणार नाही.

आणि जानेवारीत पुन्हा गोव्याला निघतोय, एक बंक (बोटीवरची झोपायची जागा) रिकामा आहे. तू येतोस का? उलटीच्या गोळ्या आदल्या रात्रीपासून घ्यायच्या, काळ्या तळाचे बूट आणायचे नाहीत, डेकवर डाग पडतात. परतीला हवं तर बसने जा, वाऱ्याविरुद्धचे हाल मी बघून घेईन. पंधरा दिवसांत कळव, नाहीतर दुसरा एक जण मागे लागलाय.

तुझा,
पक्या