टॅपेट कव्हरची गळती थांबली: काकांना एक उघडं आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तोंडी आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणत विषय बदलता. म्हणून लिहूनच टाकते. आणि चारचौघांत लिहिते, कारण गाडीखाली तेलाचा डाग दिसला की काळजात धस्स होणारी माणसं पुष्कळ आहेत. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांच्याही कामी यावं.

पहिले आभार निदानाचे. तेल टपकत होतं ते इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथून. एका गॅरेजमध्ये वाकून बघितल्याबरोबर सांगितलं होतं की क्रँकचं मागचं सील (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या मागच्या टोकाला तेल अडवणारी रबरी कडी) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. तुम्ही बॉनेट उघडलंत आणि खाली वाकायच्या ऐवजी वरून बघायला सुरुवात केलीत. "तेल वजनाने खाली उतरतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे जातं. टपकतं ती जागा खरी धरू नकोस. ओल सगळ्यात उंचावर कुठे आहे ते शोध," असं म्हणालात. मग तो सगळा भाग क्लीनरने धुऊन कोरडा करायला लावलात, गाडी एक चक्कर मारून आणायला सांगितलीत आणि बॅटरीच्या उजेडात टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, कोपऱ्यातून पाझरणारी ती ताजी, चकचकीत रेघ दाखवलीत. जुन्या काळ्या चिकट्यावरून उतरत ती थेट गिअरबॉक्सच्या तोंडाशी पोचत होती. तिचीच एक शाखा एक्झॉस्टवर पडून जळत होती. सिग्नलला थांबल्यावर येणारा तो करपट वास त्यातूनच येत होता. तापलेल्या एक्झॉस्टवर तेल पडत राहणं म्हणजे आगीला निमंत्रण, हे तुम्ही ज्या गंभीरपणे सांगितलंत त्यामुळेच मी काम पुढे ढकललं नाही.

दुसरे आभार सीमारेषा आखून दिल्याबद्दल. "टॅपेट कव्हरचं पॅकिंग घरी बदलता येतं. हेड गॅस्केटला मात्र घरी हात लावायचा नाही." कारणही लगेच सांगितलंत. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगला फक्त आत उडणारं तेल अडवायचं असतं, तिथे दाब जवळजवळ नसतोच. हेड गॅस्केट म्हणजे सिलिंडरांवर बसणारं हेड आणि खालचा इंजिन ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग. त्याला सिलिंडरमधल्या स्फोटाचा दाब, कूलंट आणि तेल हे तिन्ही एकमेकांपासून वेगळे ठेवायचे असतात. तिथे हेड सपाट आहे का ते मोजावं लागतं, टायमिंग (क्रँक आणि व्हॉल्व्ह यांची चाल जुळवणारी साखळी किंवा पट्टा) उतरवून पुन्हा जुळवावं लागतं आणि बऱ्याच इंजिनांचे हेड बोल्ट ताणले जाण्यासाठीच बनवलेले असतात, ते एकदा सोडले की पुन्हा वापरता येत नाहीत. तेल दुधाळ झालंय का, कूलंट आपोआप कमी होतंय का, एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येतोय का, हे सगळं आधी माझ्याकडून तपासून घेतलंत. त्यातलं काहीच नव्हतं, तेव्हाच तुम्ही होकार दिलात.

आता त्या छोट्या टॉर्क रेंचबद्दल, म्हणजे ठरवलेला पीळ पडला की 'कट' वाजवणाऱ्या पान्याबद्दल. खरं तर हे पत्र त्याच्यामुळेच लिहिते आहे.

माझ्याकडे चाकाचे नट आवळायचा मोठा टॉर्क रेंच होता, तोच चालेल असं मी धरून चालले होते. तुम्ही त्याच्या दांड्यावरचे आकडे मला वाचायला लावलेत. त्याची सुरुवातच २८ न्यूटन मीटरपासून होत होती. टॅपेट कव्हरच्या बोल्टांना माझ्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये १० न्यूटन मीटर दिलेत. म्हणजे तो रेंच 'कट' वाजायच्या कितीतरी आधी बोल्ट तुटला असता किंवा हेडमधले आटे निघून आले असते. मग तुम्ही घरातून पाव इंची चौकोनाचा, ५ ते २५ न्यूटन मीटरचा तुमचा रेंच आणून माझ्या हातात दिलात. १० न्यूटन मीटर म्हणजे किती, तेही सांगितलंत: एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण एक किलो वजन टांगलं तर जेवढा पीळ पडेल तेवढा. चाकाच्या नटाला त्याच्या जवळपास दहापट लागतो. हा आकडा कानाने ऐकणं वेगळं आणि हाताला जाणवणं वेगळं. पहिला बोल्ट आवळताना मला वाटलं, अजून आवळायला हवा, एवढ्यात कसं होईल? आणि तेवढ्यात हातात ती बारीकशी 'कट' जाणवली. तुम्ही फक्त "बास" म्हणालात.

ही जाणीव मला दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मिळाली नसती. गळती थांबवायची म्हणजे जोर लावायचा, ही आपली सगळ्यांची पक्की समजूत. रबराचं पॅकिंग मात्र ठरावीक दाबालाच नीट बसतं. जास्त आवळलं तर ते चरातून बाहेर सरकतं, कव्हर दोन बोल्टांच्या मध्ये कमानीसारखं उचललं जातं आणि नेमकं तिथूनच तेल यायला लागतं. प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर तडाच जायची. म्हणून क्रमही महत्त्वाचा: सोडताना कडेकडून मध्याकडे, आवळताना मध्यापासून कडांकडे, तेही एका दमात न आवळता दोन-तीन फेऱ्यांत. प्रत्येक बोल्ट आधी नुसत्या बोटांनी फिरवून बसवायचा, म्हणजे आटे वाकडे धरले जात नाहीत. आणि आट्यांवरचं तेल पुसून घ्यायचं, कारण ओल्या आट्यांवर तोच आकडा बोल्टला जास्त ताणतो. ही शेवटची गोष्ट मी आधी कुठेच ऐकली नव्हती.

बाकीची हत्यारं साधीच होती. १० नंबरची गोटी (सॉकेट), लांब एक्स्टेन्शन, रॅचेट, प्लॅस्टिकची खरवडणी. स्टीलची पट्टी तुम्ही हातातून काढूनच घेतलीत, कारण ॲल्युमिनियमवर एक ओरखडा पडला तरी तेलाला वाट मिळते. बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढायची, इंजिन पूर्ण गार असू द्यायचं, प्रत्येक वायरचा फोटो काढायचा, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून, भोकं पाडून, प्रत्येक बोल्ट त्याच्या त्याच्या जागी खोचून ठेवायची तुमची युक्ती मात्र फार आवडली. दोन बोल्ट लांबीला वेगळे निघाले, तेव्हा तिचं मोल कळलं.

इग्निशन कॉइल ओढून काढल्या तर स्पार्क प्लगच्या दोन विहिरींत तेल साचलेलं होतं. तुम्ही लगेच थांबवलंत. आधी सिरिंजने तेल ओढून घे, मग फडक्याने टिपून घे, त्याशिवाय प्लग सोडायचा नाही, नाहीतर ते सगळं सिलिंडरमध्ये उतरेल. कॉइलचं रबर तेलाने फुगलं होतं. मधूनमधून गाडी अडखळायची त्याचं कारणही तिथेच सापडलं. प्लगच्या नळ्यांची सील बाहेरच्या पॅकिंगबरोबरच बदलायची असतात, हे तुम्ही आधीच सांगितल्यामुळे ती मी आणून ठेवली होती.

जुनं पॅकिंग निघालं ते कडक झालेलं, वाकवलं की कडकन तुटायचं. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन रबराचं असंच होतं. नवं त्याच्या शेजारी ठेवून तुम्ही दोन्ही मला दाबून बघायला दिलीत. त्यानंतर काही समजावून सांगायची गरजच उरली नाही.

सिलिकॉनच्या बाबतीत तुम्ही कडक होतात, आणि ते योग्यच होतं. टायमिंग कव्हर आणि हेड यांचा सांधा जिथे पॅकिंगखाली येतो त्या कोपऱ्यांवर मुगाएवढा थेंब, बाकी पॅकिंग कोरडंच. सगळीकडे थापलेलं सिलिकॉन आतल्या बाजूलाही दाबून बाहेर येतं, त्याचे तुकडे सुटतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतात. गळती थांबवायच्या नादात इंजिनला तेलच कमी पडायचं! मग ते सुकेपर्यंत रात्रभर गाडीला हात लावायचा नाही, हेही बजावलंत.

आणि ब्रीदर, म्हणजे इंजिनच्या आतल्या वायूची बाहेर पडायची वाट. कव्हर बसवण्याआधी तुम्ही त्या वाटेवरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवायला सांगितलात. तो खुळखुळलाच नाही, काजळीने जाम झाला होता. इंजिनच्या आत साचणाऱ्या वायूला बाहेर पडायला वाट नसली की तो पॅकिंगमधून वाट काढतो. नुसतं पॅकिंग बदललं असतं तर थोड्या दिवसांत तेच पुन्हा झालं असतं. पॅकिंग बदलणारे बरेच जण असतील, पॅकिंग का गेलं ते विचारणारे तुम्ही भेटलात.

या सगळ्यात तुम्ही एकाही बोल्टला हात लावला नाहीत. तुम्ही स्वतः केलं असतं तर चहा निवायच्या आत काम उरकलं असतं, हे मला माहीत आहे. तुम्ही शेजारी स्टूल टाकून बसलात, मला माझा वेळ घेऊ दिलात आणि जिथे नुकसान झालं असतं तेवढ्याच ठिकाणी बोललात. आयुष्यभर इंजिनांवर हात चालवलेल्या माणसाला ते किती जड गेलं असेल, याची मला कल्पना आहे. याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे.

कव्हरची कड कोरडी आहे. खाली अंथरलेला पांढरा कागद पांढराच आहे. वास गेला आणि गाडी अडखळायचीही थांबली.

तुमचा रेंच पुसून, सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून डबीत ठेवलाय, तुम्ही सांगितलंत तसाच, म्हणजे आतल्या स्प्रिंगवर ताण राहणार नाही. रविवारी आणून देते. त्याच दिवशी जमलं तर कूलंट बदलण्याबद्दलही विचारायचं आहे. हत्यारं कोणती लागतील ते आधी सांगा, म्हणजे तयारीनिशी येते.

आपली नम्र,
शेजारीण