डॉक्टर, ते पेन अजून आमच्याकडेच आहे

आदरणीय डॉक्टर मॅडम,

काल आमचा कुत्रा कापूस रात्रभर झोपला. तुम्हाला यात काय विशेष वाटणार! पण दीड वर्ष रोज रात्री पलंगाखालची खरखर आणि गळ्यातल्या घुंगराची छुनछुन ऐकलेल्या माणसाला शांततेनेच जाग येते. मी उठून दिवा लावला आणि श्वास चालू आहे ना, ते बघून आले.

तुमच्याआधी साताऱ्यातले दोन दवाखाने झाले होते. दर वेळी एक इंजेक्शन. दोन-तीन आठवडे बरे जायचे, मग ये रे माझ्या मागल्या. ते स्टिरॉइड आहे, खाज फक्त दाबतं, हे तुमच्याकडूनच कळलं. एकांनी हजारोंची रक्ततपासणी करायला लावली. अन्नाची ॲलर्जी रक्तातून खात्रीने कळत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत, तोवर पैसे गेले होते. त्याचा कान उचलून बघायची तसदी मात्र कुणी घेतली नव्हती. तुम्ही आधी कानच उचललात आणि नाक जवळ नेलंत. तो आंबूस वास आम्ही कुत्र्याचाच म्हणून सोडून दिला होता. चाटून चाटून चहात बुडवल्यासारखे झालेले पांढरे पंजे तर सगळ्यांना दिसत होते.

पण हे पत्र कानासाठी नाही, पेनासाठी आहे.

दुसऱ्या दवाखान्यात आमच्या सासूबाईंना बोलणी बसली होती. "आजी, तुमच्या लाडानेच याची ही दशा झालीय." त्या चार वाजता चहा घेताना अर्धं बिस्किट दुधात बुडवून कापूसला द्यायच्या, एवढाच गुन्हा. खोटं कशाला सांगू, घरी आम्हीही त्यांना बोललो. तेव्हापासून अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई स्वयंपाकघरात दार लोटून चहा प्यायला लागली.

तुम्ही विचारलंत, "यानं आजवर काय काय खाल्लंय?" मी सुरुवात केली, तर तुम्ही त्यांच्याकडे वळलात. "आजी, तुम्ही सांगा. तुम्हाला जास्त माहीत असणार." त्यांनी सगळं सांगितलं, बिस्किटासकट. मग तुम्ही म्हणालात, "घरी कालनिर्णय आहे ना? रोज एक आकडा लिहायचा. खाज नाही तर शून्य, झोपू देत नाही तर दहा. हे काम तुमचं." आणि स्वतःच्या खिशातलं पेन काढून त्यांच्या हातात दिलंत.

आमच्या एसटीत एखादाच कंडक्टर असा असतो, की म्हातारं माणूस सीटवर टेकेपर्यंत बेल मारत नाही. त्याला कुणी शिकवलेलं नसतं, पगारही वाढून मिळत नाही. मी तुम्हाला त्याच्या पंगतीला बसवते.

आठ आठवडे त्यानं पूर्वी कधीच न खाल्लेलं तेवढंच द्यायचं होतं: बोकडाचं मटण आणि रताळं. मधे श्रावण आला. सासूबाईंनी स्वतःच मागच्या पडवीत वेगळी शेगडी आणि वेगळं पातेलं मांडलं. "व्रत माझं आहे, त्याचं नाही." गणपतीत पाहुण्यांच्या पोरांनी मोदक पुढे केला, तर या काठी घेऊन उभ्या! दुधाच्या आणि सिलिंडरच्या नोंदींशेजारी त्यांचा आकडा आठवरून पाचावर, मग तिनावर, शेवटी एकावर आला.

नंतर तुम्ही जुने पदार्थ एकेक करून पुन्हा द्यायला सांगितलेत. अनंत चतुर्दशी झाली आणि मी चिकन शिजवलं. चौथ्या दिवशी आकडा सहा. ते बंद करून खाज खाली आल्यावर दूध-बिस्किट दिलं. दोन आठवडे वाट पाहिली. एकच, एकच, एकच.

म्हणजे दोषी होतं ते चिकन. दर रविवारी मी मायेने उकडायचे ते, आणि त्याच्या खाण्याच्या महागड्या पाकिटातलंही. सासूबाई चकार शब्द बोलल्या नाहीत. कालनिर्णय भिंतीवरून काढून माझ्या पुढ्यात ठेवलं आणि चहा टाकायला गेल्या. चहा बाहेरच्या खोलीत झाला. अर्धं बिस्किट कापूसला गेलं, सगळ्यांदेखत.

पेन परत द्यायला मी दोनदा पर्समध्ये ठेवलं, दोन्ही वेळा ते पुन्हा कालनिर्णयाच्या खिळ्याला दोऱ्याने टांगलेलं सापडलं. परवा रिफिल संपली, तेव्हा नातवाला तसलीच आणायला पिटाळलं. तेव्हा ते आता विसरा.

तुमची,
कापूसच्या घरची सूनबाई