सातव्या रात्रीच्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही. न्यूरो आयसीयूतली सातवी रात्र, खिडकीकडचा बेड, एवढ्यावरून तुम्ही ओळखाल.

आईच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीवरचा फुगा फुटला होता. दुसऱ्या दिवशी कॉइल घालून तो बंद केला आणि आम्हाला वाटलं, सुटलो. खरी काळजी त्यानंतरची असते, हे तुमच्याआधी कोणी नीट सांगितलंच नव्हतं. मेंदूभोवती सांडलेलं रक्त विघटित होऊ लागलं की जवळच्या रक्तवाहिन्या आकसू शकतात. बहुतेक वेळा चौथ्या ते चौदाव्या दिवसात. दर चार तासांनी नळीतून जाणारं निमोडिपिन हे औषध 21 दिवस का द्यायचं, तेही तुमच्याकडूनच कळलं.

मी मात्र बोटाच्या क्लिपवरचा, रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा बघत बसायचे. 98 दिसला की जीव भांड्यात. त्या रात्रीही तो 98च होता. तुम्ही बघत होतात शेजारचा, मेंदूतला ऑक्सिजन मोजायला तिथे बसवलेल्या बारीक तारेचा आकडा. संध्याकाळी 27 होता, अडीचच्या सुमारास 13 झाला. वीसच्या खाली गेला की दखल घ्यायची, असं तुम्ही आधी म्हणाला होतात.

तुम्ही घाबरला नाहीत, आणि ‘मशीनची चूक असेल’ म्हणून सोडूनही दिलं नाहीत. डॉक्टरांना फोन लावलात, त्यांच्या सांगण्यावरून व्हेंटिलेटरचा ऑक्सिजन दोन मिनिटं शंभर टक्के केलात. आकडा वर चढला. म्हणजे तार बरोबर सांगत होती. मग रक्ताच्या गॅसचा रिपोर्ट बघून तुम्हीच लक्षात आणून दिलंत की कार्बन डायऑक्साइड फार खाली आलाय, त्यानेही मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळतात. श्वासाची गती कमी झाली, बीपी औषधाने मुद्दाम वाढवलं, आईला स्कॅनला नेलं. डाव्या बाजूची वाहिनी आकसलेली निघाली.

ती स्कॅनला गेली तेव्हा तुम्ही बाहेर बाकापाशी आलात. रक्तात ऑक्सिजन भरपूर असताना मेंदूत कमी कसा, हे मला कळेना. तुम्ही म्हणालात, “टाकी भरलेली आहे ताई, नळ चेपलाय.” मग आम्लतेचं सांगितलंत. ऑक्सिजन पोचला नाही तरी पेशी साखर वापरत राहतात, पण अर्धवट. लॅक्टेट साचतं, हायड्रोजन आयन वाढतात. रक्ताचा ओघ मंद असल्याने कार्बन डायऑक्साइडही वाहून जात नाही, आणि मेंदूचा तो भाग आम्ल होत जातो. पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, 0.3 ने उतरला तर आकडा किरकोळ वाटतो, प्रत्यक्षात हायड्रोजन आयन दुप्पट झालेले असतात. आईच्या तारेत पीएच मोजायची सोय नव्हती. “म्हणून ऑक्सिजन पडताक्षणी धावायचं, आम्ल साचायची वाट बघायची नाही,” हे तुमचं वाक्य मी अजून घोकते.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे फार आभार. ती तार आपल्याभोवतीच्या काही मिलिमीटरचंच सांगते, बाकीच्या मेंदूचं नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत. “आकडा सुधारला तरी सगळं ठीक आहे असं मी म्हणणार नाही,” म्हणालात. इतक्या दिवसांत मला गोड बोलून धीर देणारे पुष्कळ भेटले होते. मला खरं सांगेल असं माणूस हवं होतं. त्यानंतरच मी पहिल्यांदा तासभर झोपले, तुम्ही बघताय या भरवशावर.

आई आता घरात आधाराशिवाय चालते. उजव्या हाताची पकड अजून कच्ची आहे, शब्द कधीकधी अडतात, संध्याकाळी लवकर थकते. व्यायाम रोज करते, कुरकुरत का होईना. ते तीन आठवडे तिच्या आठवणीतून पुसले गेलेत, त्यामुळे तुम्हीही तिला आठवत नाही. याचं मला वाईट वाटतं.

म्हणून परवा तिला ती रात्र सगळी सांगितली. नळ चेपल्याचंही सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग हळूहळू शब्द जुळवत विचारलं, “सकाळी किती होता?”

24, सिस्टर. ड्युटी संपवून जाताना तुम्ही मला खिडकीच्या काचेतून बोटांनी दाखवला होतात.

तुमची,
खिडकीकडच्या बेडवरच्या आजींची मुलगी