‘आयटिस’ की ‘ओसिस’? केसपेपरवर नीट लिहा

माननीय संपादक,

मान धरली की ‘स्पॉन्डिलायटिस झालाय’ म्हणून मोकळे व्हायची आपल्याकडे पद्धत आहे. आरोग्य पुरवण्याही तेच छापतात. बोलण्यापुरते हे खपते, पण तोच शब्द डिस्चार्ज कार्डावर उतरला की घोळ सुरू होतो. ‘आयटिस’ म्हणजे दाह, तर मणक्यांच्या बाबतीत ‘ओसिस’ म्हणजे झीज. पन्नाशीनंतर मानेच्या एक्स-रेत दिसते ती बहुतेकदा झीज, म्हणजे स्पॉन्डिलोसिस. आजारांना कोड देणाऱ्या आंतरराष्ट्रीय यादीत, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, तिचा गट एम ४७.

कोड लावणारा रुग्णाला पाहत नाही, कागद पाहतो. कागदावर नुसते ‘सर्व्हायकल स्पॉन्डिलायटिस’ असेल, तर तो एम ४६.९ वर, म्हणजे ‘अनिर्दिष्ट दाहा’वर जातो आणि मानेसाठी पुढे २ जोडतो. झीज झालेल्या आजोबांच्या विम्याच्या कागदांवर मग दाहाच्या आजाराचा शिक्का बसतो.

उलट चूक जास्त महागात पडते. पंचविशीतल्या मुलाची मान सकाळी अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडते, पहाटे दुखण्याने जाग येते, पडून राहिल्याने वाढते आणि हालचालीने सुटते. हे तीन महिने चालले तरी त्याला ‘मोबाइल कमी बघ’ एवढेच सांगितले जाते. इथे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसची (एम ४५), म्हणजे मणक्यांच्या दीर्घकालीन दाहाच्या आजाराची, शंका घ्यायला हवी. ईएसआर, सीआरपी या दाह मोजणाऱ्या रक्तचाचण्या नॉर्मल आल्या म्हणून तो नाकारता येत नाही. एचएलए-बी २७ ही जनुकीय खूण रक्तात पॉझिटिव्ह आली एवढ्यावरून सिद्धही होत नाही, कारण अनेक निरोगी माणसांतही ती असते. एक्स-रे सुरुवातीची काही वर्षे कोरा असू शकतो. एमआरआय करायचा तर ‘स्टिर’ सिक्वेन्स (चित्र घेण्याची एक पद्धत) मागून घ्यावा, हाडातली सूज त्यात दिसते. शिवाय हा आजार बहुधा कंबरेखालच्या सॅक्रोइलियाक सांध्यांत सुरू होतो. फक्त मानेचा एमआरआय काढला तर तो निसटू शकतो. आणि रिपोर्टमधले ‘मानेचा बाक सरळ झाला’ हे वाक्य दाहाचा पुरावा नव्हे. स्नायू आखडल्याने किंवा फोटो काढताना मान कशी ठेवली यानेही तसे दिसते.

डॉक्टरांनी लिहायचे ते फार नाही: दाह की झीज की जंतुसंसर्ग, मणक्याचा नेमका भाग, निदान पक्के की संशयित, आणि नस किंवा मज्जारज्जू दबला आहे का. शेवटचे तर विसरूच नये. झिजेतही मज्जारज्जू दबलेला असेल तर कोड एम ४७.१, नुसती नस दबली असेल तर एम ४७.२. क्षयाचा संसर्ग असेल तर ‘स्पॉन्डिलायटिस’ लिहून थांबू नये, ए १८.० हा मूळ कोड, एम ४९.० त्याच्या जोडीला. क्षय नजरेआड राहून दाह समजून प्रतिकारशक्ती दाबणारे बायोलॉजिक इंजेक्शन सुरू झाले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

आमवाताच्या (रुमॅटॉइड) रुग्णाला भूल देण्याआधी मान पुढे-मागे वाकवून बाजूने एक्स-रे काढलेला बरा. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधले अंतर प्रौढात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, म्हणजे मान अस्थिर असण्याची शंका असेल, तर तो आकडा केसपेपरवर ठळक लिहावा. भूलतज्ज्ञ तोच शोधतो.

रुग्णांनीही डिस्चार्ज कार्ड हातात पडताच निदानाची ओळ वाचावी. दावा जाण्याआधी ती दुरुस्त करणे सोपे असते. नंतर डॉक्टरांच्या सही-शिक्क्याच्या पत्रासाठी हेलपाटे घालावे लागतात.

– वैद्यकीय नोंदी विभागातील एक वाचक, पुणे