नव्या राजवाड्याच्या ठोकळ्यांना हात लावणाऱ्या सगळ्यांचे आभार

लेगोच्या ठोकळ्यांतला आपला कोल्हापूरचा नवा राजवाडा अखेर उभा राहिला. बघायला येणारे मला शाबासकी देतात, पण ती वाटून घ्यायला पाहिजे.

पहिले आभार त्या निवृत्त ओव्हरसिअर काकांचे. चार्ल्स मँटनं आखलेला, १८७७ ते १८८४ मध्ये बांधलेला हा वाडा अष्टकोनी, आणि ठोकळे तर सगळे चौकोनी! काकांनी वहीच्या पाठकोऱ्या पानावर हिशेब मांडला: ठोकळ्यांवरची ५ बटणं आडवी, ५ उभी, तर तिरपी भिंत ७ बटणांची. फरक केसाएवढा. बिजागरीच्या तुकड्यांत तो सहज मुरतो. शाळेत पायथागोरस असा शिकवला असता तर!

पापाच्या तिकटीजवळच्या त्या पोरानं आपल्या जुन्या संचातले गडद करडे तुकडे आणून दिले. नुसत्या काळ्या रंगात भिंत सपाट दिसते, दगडाचे थर कळत नाहीत. बदल्यात काय घेशील विचारलं, तर म्हणाला, "मनोरा मी लावणार." लावला, आणि माझ्यापेक्षा सरळ लावला.

महाद्वार रोडवरच्या घड्याळवाल्या मामांनी मनोऱ्यासाठी बंद पडलेल्या लेडीज घड्याळाची तबकडी दिली, पैसे घेतले नाहीत. चौकशी करणाऱ्या, फोटो पाठवणाऱ्या, तांबडा-पांढरा खाऊ घालून पुन्हा कामाला बसवणाऱ्या मंडळींचेही आभार.

आणि शेजारच्या वहिनींचे खास. जेवणाचं टेबल महिनोन्‌महिने अडवलं होतं, ते त्यांचंच होतं. आता ते परत करतोय, वहिनी, रविवारी.