कुठल्या शेंगा नेऊ?

एडिसन, न्यू जर्सी
१७ नोव्हेंबर २०२५

प्रिय शालू,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. दिवाळीत तू एवढा मोठा निरोप पाठवलास, त्यालाही मी नुसते जोडलेले हात पाठवून मोकळी झाले. रागावली असशील तर ते पुढच्या फोनवर बघू. आज जे विचारायचंय ते मला फोनवर धड बोलता येणार नाही, म्हणून लिहितेय. टपालानं वेळेत पोचायचं नाही, म्हणून मेलवर. आमच्या तब्येती ठीक. ह्यांची शुगर आटोक्यात, माझा खांदा आहे तसाच.

विहीणबाई एप्रिलमध्ये गेल्या, ते तुला ठाऊक आहेच. परवा व्याह्यांचा फोन आला. थँक्सगिव्हिंगचं जेवण यंदाही त्यांच्याकडेच, चेरी हिलला. म्हणाले, टर्की मी करतो, गोड धाकटी आणतेय, बीन्स तू आणशील ना? मी लगेच हो म्हटलं. फोन ठेवला आणि पोटात गोळाच आला. बीन्स म्हणजे कुठल्या गं?

तू त्या टेबलावर जेवली आहेस. माझी फरसबी, ओलं खोबरं घातलेली, आणि तिला खेटून त्यांचं काचेचं भांडं. मशरूम सुपात भाजलेल्या शेंगा, वर कुरकुरीत कांदा. तू वाढून घ्यायच्या आधीच वरचा कांदा चमच्यानं टिपत होतीस आणि त्या हसून म्हणाल्या होत्या, हिला कोपऱ्यातलं वाढा, तिथे कांदा जास्त असतो. नंतर दर वर्षी विचारायच्या, तुझी ती कांदेवाली मैत्रीण कशी आहे म्हणून. मुक्ताच्या लग्नापासून ही दोन भांडी शेजारी शेजारी. मग आता ‘बीन्स तू आण’ म्हणजे नेहमीसारखी तुझी भाजी आण, की हिची जी राहिलीय ती तू कर?

मुक्ता म्हणते, आई, सरळ विचार ना त्यांना. कसं विचारू? ज्या माणसाला बायकोच्या पदार्थाचं नाव घ्यायला जड गेलं असेल, त्याच्याकडून ते नाव वदवून घ्यायचं? आणि त्यांच्या मनात तसलं काही नसेल, तर मी उगाच खपली काढायची? ह्यांचं म्हणणं, दोन्ही ने, विषय संपला. पुरुषांचे विषय पटकन संपतात.

तो पदार्थ त्या बाईंचा किती होता ते मला नीट ठाऊक आहे, म्हणून एवढा जीव अडकलाय. त्या कॅम्डेनच्या. त्यांचे वडील कॅम्पबेलच्या सुपाच्या कारखान्यात होते. १९५५ मध्ये त्याच कंपनीच्या कॅम्डेनमधल्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली नावाच्या बाईंनी ही पाककृती बसवली. कुठल्याही घरात सहज सापडतील अशा दोन वस्तू घ्यायच्या, शेंगा आणि मशरूमचं सूप, आणि त्यांचं सणाला शोभेलसं काहीतरी करायचं. विहीणबाई हे इतक्या अभिमानानं सांगायच्या की मला बरेच दिवस वाटत होतं, या डॉर्कसबाई त्यांच्या सख्ख्या मावशी असाव्यात! मूळ पाककृतीचं कार्ड, संशोधकांच्या गौरवाचं जे राष्ट्रीय दालन आहे ना, त्यांच्याकडे २००२ मध्ये दिलं. डॉर्कसबाई २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये गेल्या, ब्याण्णव वर्षांच्या होऊन. त्या वर्षी जेवायला बसण्याआधी विहीणबाईंनी त्यांच्याही नावानं आभार मानले होते. कॅम्डेनचा तो कारखाना १९९० मध्येच बंद झाला, पुढे पाडलाही. पण सूप मात्र कॅम्पबेलच्या डब्यातलंच हवं, त्यात तडजोड नाही.

आपल्या इथल्या मंडळातल्या बायका या पदार्थाला नाकं मुरडतात. डब्यातलं सूप काय, डब्यातला कांदा काय, यात स्वयंपाक कुठला म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. दिवसभर काम करून घरी आलेल्या बाईला दहा मिनिटांत भांडं भट्टीत ढकलता यावं, असा विचार करून कोणीतरी केलेला पदार्थ आहे तो. घट्टपणा, मीठ, साय, सगळं त्या सुपात आहे. वरून मीठ घातलंत की बिघडलं. आणि सत्तर वर्षं लोक तो करताहेत ते काय नुसत्या आळसानं?

शिवाय एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या थँक्सगिव्हिंगला आम्ही गेलो तेव्हा आम्हाला खाता येईल असं टेबलावर फारसं काही नसणार, याची मी तयारी ठेवली होती. पावाचं सारण टर्कीच्या पाण्यात भिजवलेलं, बटाट्यावरचा रस्सा टर्कीचा. मी पर्समध्ये दशम्या घेऊन गेले होते. तर या बाईंनी प्रत्येक डब्याची चिठ्ठी वाचून ठेवलेली! सुपात मांसाचा अंश नाही, हे दोनदा वाचलं म्हणाल्या. त्यांची नणंद त्यात सोया सॉसऐवजी वूस्टरशर सॉस घालायची. त्यात अँचोव्ही मासे असतात हे यांनी शोधून काढलं आणि नणंदेला त्या दिवसापुरतं ओट्यापाशी फिरकू दिलं नाही. माझ्या स्वतःच्या सासरी कोणी माझ्यासाठी एवढं बारीक पाहिलं नव्हतं. पर्समधल्या दशम्या परत येताना टर्नपाइकवर गाडीत खाल्ल्या आम्ही.

आता मुद्द्यावर येते, आणि तुला आवडणार नाही तरी येते.

काकू श्रावणात गेल्या आणि त्या दिवाळीला तुमच्याकडे कढई चढली नव्हती. शेजारपाजारचे फराळ आणून देत होते, तशी मीही चकल्या घेऊन आले. भाजणी काकूंचीच होती. तांदूळ चार, हरभऱ्याची डाळ दोन, उडीद एक, आणि ओवा त्यांचा तो सढळ हाताचा. तू डबा उघडलास, वास घेतलास आणि झाकण लावून टाकलंस. “आईची चकली करायला तुला कोणी सांगितलं होतं?” असं म्हणून आत गेलीस ती गेलीसच. संक्रांतीपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. मग तिळगूळ हातावर ठेवलास, पण गोड बोलली नाहीस ते नाहीसच, घेवड्याच्या शिरा कोण नीट काढतं यावरून तिथल्या तिथे वाद घातलास. (मीच काढते. तू राहू दिलेली शीर जोशीबाईंच्या दातात अडकली होती, साऱ्या शाळेला माहीत आहे.)

पण तू आत गेल्यावर काय झालं, ते तुला दिसलं नाही. दादांनी तो डबा पुन्हा उघडला. एक चकली घेतली, झोपाळ्यावर बसून सावकाश खाल्ली. मग दुसरी घेतली. माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत आणि मीही तशीच निघून आले. नंतर आपण तिघींनी, म्हणजे तू, मी आणि माईनं, त्या दिवसाचा विषयच काढला नाही. आज काढतेय, कारण मला तुझ्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही. त्या रात्री दादा कसे होते? जेवले का? त्यांना बरं वाटलं होतं की आणखी तुटल्यासारखं झालं होतं? काही म्हणाले होते का तुला?

एकाच घरात एकाला ती चव हवी असू शकते आणि दुसऱ्याला अजिबात नको, हे मी तेव्हा तुमच्या ओसरीवर पाहिलं. चेरी हिललाही तेच आहे गं. व्याही आहेत आणि धाकटी लेक आहे. व्याह्यांना ते भांडं टेबलावर हवं असेल आणि धाकटीनं ते बघून उठून जावं, असं झालं तर? तिला आधी विचारावं असं फार वाटतं. पण मी विचारलं की ती आण म्हणणारच. फार गुणी पोर आहे, वडिलांकडे बघून आण म्हणेल. मग ते विचारणं कसलं?

काल मी करून पाहिलं. चार वाट्या शेंगा, दीड इंचाचे तुकडे, नुसत्या वाफवलेल्या, हिरव्या राहतील इतपत. सुपाचा एक डबा, अर्धी वाटी दूध, चमचाभर सोया सॉस, मिरपूड. तळलेल्या कांद्याचे दोन भाग करायचे, अर्धा आत कालवायचा. ३५० डिग्री फॅरनहाइटवर पंचवीस मिनिटं, मग एकदा ढवळून उरलेला कांदा वर पसरायचा आणि शेवटची पाच मिनिटं. तो कांदा आधी घातला तर काळा पडतो, तेवढ्यासाठी विहीणबाई भट्टीसमोर उभ्या राहायच्या, कोणी गप्पा मारायला आलं तरी हलायच्या नाहीत. मी पण राहिले उभी.

मुक्ता आणि जावई आले होते. मुक्तानं एक घास घेतला, “अगदी तसंच,” म्हणाली आणि हात धुवायला म्हणून उठून गेली. जावयानं मुकाट्यानं सगळं भांडं संपवलं. तळाचं खरवडून. शालू, मला दादाच आठवले. पण तो मुलगा आहे, नवरा नाही, आणि त्याच्या खाण्यावरून त्याच्या वडिलांचं मला काही कळत नाही.

मध्ये असंही मनात आलं की मुद्दाम थोडं वेगळं करावं. ताजे मशरूम, घरी तळलेला कांदा, जरासं जायफळ. म्हणजे आठवण राहील आणि नक्कल होणार नाही. पण मग ते ना त्यांचं, ना माझं. तसलं अर्धवट मला नको. न्यायचं तर त्यांचं तसंच्या तसं न्यायचं, नाहीतर फक्त माझी फरसबी घेऊन जायचं आणि शेजारची जागा मोकळी दिसू द्यायची. दोन्ही भांडी नेली तर दोन्ही माझ्याच हातची, ते मला सगळ्यात जड जातंय. तिथे दोघी असायचो.

आपल्याकडे वर्षाच्या आत घरात सण नसतो, बाहेरचे आणतात, कोणी काय आणायचं तेही ठरलेलं. यांच्यात तसं काही नाही. पहिल्याच वर्षी अख्खं टेबल मांडून तिथे बसायचं. मला हे लोक फार धीराचे वाटतात.

तुझं सगळं विचारायचं राहिलंच. सोसायटीचं रिडेव्हलपमेंटचं ठरलं का? भाड्याची जागा कोथरूडमध्येच बघ, लांब जाऊ नकोस. जिना असलेली तर मुळीच नको. मंदारचं बंगळूरचं जमलं असं माईकडून कळलं, फार आनंद झाला, त्याला सांग. आणि त्या गुडघ्याच्या ऑपरेशनला घाबरू नकोस, इथे सगळ्या बायकांचे झालेत, नाचतात गरब्यात.

बुधवारी, २६ तारखेला सकाळी मी ओक ट्री रोडला शेंगा आणायला जाणार. त्याआधी दादांचं मला लिही. नुसतं ‘ने’ किंवा ‘नको नेऊ’ असं लिहू नकोस, त्या रात्री काय झालं ते सगळं लिही. तुझ्या सकाळी साडेसातला इथे आदल्या रात्रीचे नऊ वाजलेले असतात. फोन केलास तरी मी जागी असेन.

तुझी
विजू

ता. क. मुक्ताची मैत्रीण डिसेंबरात पुण्याला येतेय. तिच्याबरोबर तुझ्यासाठी गुडघ्याचा पट्टा पाठवते. गुडघ्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडचं माप कळव, मागच्यासारखं अंदाजपंचे नको.