दादा, त्या ग्रास कटरबद्दल

प्रिय दादा, वहिनी, आई-बाबा,

सगळ्यांना नमस्कार, छकुलीला पापा. इकडे ह्युस्टनमध्ये उकाडा नुसता जीव घेतोय, बाकी आम्ही मजेत. फोनवर बोलले असते पण फोनवर तू हो हो म्हणतोस आणि विषय बदलतोस म्हणून लिहितेय, आणि हे पत्र वाचून झालं की पेडण्याच्या घरी न्यायच्या पिशवीत मशीनच्या पुस्तकाबरोबर ठेव.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तू पेडण्याच्या घराचं परडं दाखवलंस ना, गवत पार गडग्याच्या वर गेलेलं, आणि तू नवीन ग्रास कटर खांद्याला लावून उभा, पायात स्लीपर, हाफ पँट, डोळ्याला काही नाही, आणि छकुली तुझ्या मागे चार-पाच हातांवर पायरीवर बसलेली. मला रात्री झोप लागली नाही दादा. तू सावंतवाडीहून दर पंधरा दिवसांनी जाऊन आईचं माहेरचं घर उघडतोस, साफ करतोस याचं मला किती बरं वाटतं ते तुला माहितेय, पण हे मशीन म्हणजे कोयता नव्हे. कोयता तुझ्या हाताच्या टप्प्यात असतो. या मशीनच्या फिरणाऱ्या नायलॉनच्या दोरीच्या टोकाला लागलेला खडा कुठे जाईल ते तुझ्या हातात नसतं.

मागच्या वर्षी मी ड्राइव्हवेच्या कडेचं गवत मारत होते, बारीक खडी होती तिथे, एक खडा उडाला आणि शेजाऱ्यांच्या गाडीची मागची काच खळकन खाली आली. गाडी माझ्यापासून वीस-पंचवीस फुटांवर होती. त्यांचा मुलगा रोज तिथेच सायकल खेळतो, त्या दिवशी नेमका नव्हता. तेव्हापासून मी पुस्तकात लिहिलेलं १५ मीटरचं अंतर, म्हणजे साधारण पन्नास फूट, अगदी शब्दशः पाळते. मशीन चालू असताना छकुली घरात, दार लावून. वहिनी चहा घेऊन आली तरी तिने लांबून समोर येऊन हात करायचा, तू मशीन बंद करायचंस, मगच जवळ. मागून येऊन खांद्याला हात लावायचा नाही, तू दचकून वळलास तर मशीनचं दोरीचं डोकं तिच्या पायाकडे फिरेल.

आपल्या परड्यात तर जांभ्याचे तुकडे, शहाळ्याची सुकलेली टरफलं, मामांच्या वेळची काटेरी तार, फुटकी कौलं, सगळंच गवताखाली लपलेलं आहे. आधी काठीने गवत बाजूला सारत एक फेरी मार, उचलता येईल ते उचल. तार दोरीत गुंडाळली की तुटून उडते. विहिरीवरच्या पंपाची केबल आणि पाइप कुठून गेलाय तिथे लाल चिंधी बांधून ठेव. आणि काठीची फेरी फुरशासाठी पण. फुरसं सुकल्या पानांत पडून असतं, दिसत नाही, आणि मशीनच्या आवाजात सळसळ ऐकू येणार नाही.

म्हणून गमबूट हवेतच. पावसाचं साचलेलं पाणी, उंदीर, लेप्टोच्या तापाची भीती तुला मी सांगायला नको, पायाला साधी चीर असली तरी झाकून जा. फुल पँट, जाड. चष्मा नेहमीचा नको, बाजूने बंद असलेला सेफ्टी गॉगल घे, वर जाळीचं फेसशील्ड मिळालं तर फारच छान, पण नुसत्या जाळीवर भागवू नकोस, बारीक कचरा त्यातून आत येतो. कानाला इअरमफ. तासभर त्या आवाजात राहिलं की कान गुणगुणतात, ती गुणगुण म्हणजे कानाला झालेला त्रासच असतो. हातमोजे घाल आणि सलग अर्ध्या तासावर चालवू नकोस, थरथरीने बोटं बधिर होतात.

आता चालवायचं कसं ते. तू दोरीचं डोकं गवतात खुपसत होतास, मी पाहिलं. कापतं ते दोरीचं टोक, सगळी दोरी नव्हे. डोकं जमिनीच्या जरा वर, किंचित डावीकडे कललेलं, आणि कोयतीने भात कापल्यासारखं उजवीकडून डावीकडे फिरवत एक-एक पाऊल पुढे. तुझ्या मशीनचं डोकं वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरत असेल, एकदा बघून घे, मग कापलेलं गवत डावीकडे आधी साफ केलेल्या पट्ट्यात पडतं. कमरेएवढं गवत एकदम बुडातून मारायचं नाही, लांब पाती डोक्याला गुंडाळतात आणि इंजिन तापतं. आधी वरचं अर्धं, मग खालचं. गुंडाळलंच तर इंजिन पूर्ण बंद करून, स्पार्क प्लगची टोपी काढून मगच हात घालायचा. हे फार महत्त्वाचं आहे दादा.

गार्ड काढून टाकलंयस का? कॉलवर मला दिसलं नाही. काढलं असशील तर परत लाव. ते फक्त पायांसाठी नाही, त्याला जे छोटं पातं असतं ते दोरी मापात कापतं, दोरी जास्त लांब झाली की इंजिनवर लोड येतो. आणि कुणी बाजारात दोरीऐवजी लोखंडी क्लच वायर लावून देतो म्हणाला तर अजिबात नको, तिचा तुकडा तुटला तर गोळीसारखा जातो. नायलॉनचीच दोरी, पुस्तकात लिहिलीय त्याच जाडीची, बहुतेक २.४ किंवा २.७ मिलिमीटर. जुनी कडक होऊन सारखी तुटत असेल तर रात्रभर पाण्यात भिजत ठेव, नायलॉन पाणी पितं आणि परत चिवट होतं.

तुला आवडेल म्हणून सांगते, हे मशीन इथलंच, ह्युस्टनचं. जॉर्ज बॅलस नावाचा माणूस, डान्स शिकवायचे स्टुडिओ होते त्याचे, १९७१ मध्ये कार वॉशचे फिरणारे ब्रश बघून त्याला सुचलं, मग पॉपकॉर्नच्या डब्याला भोकं पाडून त्यात मासेमारीची दोरी ओवली आणि झाडांच्या बुंध्याजवळचं गवत कापलं. बुंध्याला लोखंडी पातं लागू नये हाच त्याचा हेतू. पण कोवळ्या झाडाला ही दोरीसुद्धा पुरते, साल गोल सोलली गेली की झाड हळूहळू वाळतं. बाबांनी लावलेली हापूसची दोन कलमं आणि नवीन पोफळी यांच्याभोवती हातभर जागा हातानेच काढ. त्यांच्याजवळ मशीन नेऊच नकोस.

मागच्या काजूखालच्या झुडपांना दोरी चालणार नाही, तिथे ब्लेड लागतं, पण यंदा ते काम माणसं लावून करून घे. ब्लेडचा पुढचा-उजवा भाग खोडाला लागला की मशीन जोरात बाजूला फेकलं जातं. आणि तिकडे दिवाळीनंतर जायचं तर गोचिडांपासून जपा, सत्तरी आणि दोडामार्गात त्यांच्यामुळे होणारा माकडताप होऊन गेलाय, दोन्ही आपल्याला किती जवळ.

पेट्रोल थंड इंजिनातच भर, आणि भरलं तिथेच स्टार्ट करू नकोस, दहा फूट लांब जाऊन कर. पेट्रोलमध्ये कालवायच्या ऑइलचं प्रमाण पुस्तकात १:५० असेल तर लिटरला २० मिली, १:२५ असेल तर ४० मिली, अंदाजे ओतू नकोस. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, मिसळलेलं महिनाभर पडलं तर खराब होतं, म्हणून लागेल तेवढंच कालव आणि सीझन संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालव.

आणि एक आईसाठी. विहिरीमागचा तेरडा आणि हरणाची फुलं कापू नकोस, गडग्यावर कवंडळाचा वेल असेल तोही ठेव. गणपतीवर बांधायच्या माटोळीला आई दरवर्षी तिथलंच काढते.

पुढच्या रविवारी मला मशीनचा खालून, गार्डसकट एक फोटो पाठव, आणि तुझ्या गमबुटांचा.

तुझी,
धाकटी